गाडीचं दावं

आमच्या मालकांना, म्हणजे मुलाच्या बापाला, आठवड्यातून दोनदा जालन्याला रक्त धुवायच्या मशीनवर न्यावं लागतं. बसमधून उतरताना ते दोनदा पडले. भाड्याच्या जीपचा भरवसा नाही. बाराची पाळी चुकली की त्या दिवशी मशीन मिळत नाही, मग पाय सुजतात, धाप लागते. म्हणून शेळ्या विकल्या आणि जुनी गाडी घ्यायचं ठरलं.

मुलगा दोन महिने मोबाईलमध्ये गाड्या दाखवत होता. मला सगळ्या सारख्याच दिसायच्या. शेळी घेताना मी तोंड उघडून दात बघते, कास दाबते, चार पावलं चालवते. गाडी किती पळाली ते आकड्यावरून कळतं म्हणे, आणि तो आकडा फिरवताही येतो म्हणे. मग तो बघायचा कशाला, असं विचारलं तर मुलगा म्हणाला, "माय, तू गप ऱ्हाय."

शेवटी शहागडला हायवेच्या कडेला एका टायरवाल्याची सरकत्या दाराची गाडी ठरली. आणायला पाळीचाच दिवस धरला, म्हणजे तिथूनच जालन्याला जाता येईल. मालकांना घेऊन भाड्याच्या जीपनं तिथं गेलो. ते कोणाचा हात न धरता गाडीत चढले. मला तेवढंच बघायचं होतं.

मुलगा मागच्या बाजूला वाकून काहीतरी तपासत होता. विकणाऱ्यानं कागद माझ्या पिशवीत घातले आणि हातावर दोन चाव्या ठेवल्या. मी एक त्याला परत दिली.

"ही कशाला, मावशी?"

"दावं धन्याकडंच ऱ्हातं. जनावर दिलं तरी दावं देत न्हाईत."

त्यानं चावी उलटीसुलटी करून पाहिली. मग "बरं, ठेवतो," म्हणाला आणि ती खिशात टाकली. आमच्यात जनावर विकलं की गळ्यातलं दावं सोडून ठेवून घेतात, घेणाऱ्यानं आपलं आणायचं. दावं गेलं तर विकणाऱ्याच्या दावणीची बरकत जाते. मी दुसऱ्याची बरकत कशाला आणू?

अंबडच्या अलीकडं चहाला थांबलो. तिथं मुलानं दुसरी चावी मागितली. मी सांगितलं.

"दिली? गाडीची चावी देऊन टाकली?"

"एक हाय ना तुझ्याकडं. दोन कशाला लागत्यात?"

"माय, तो कवाबी येईल आन् गाडी घेऊन जाईल."

"मंग त्यानं विकली कशाला?"

मुलानं कपाळाला हात लावला. तो म्हणाला मागं फिरू. अकरा वाजायला आले होते. मी म्हणाले पुढं चल. आमचं असं चाललं असताना मागच्या सीटवरून मालक बोलले, "दावं धन्याचंच असतंय. जल्दी चल."

"आबा, तुमी बी?" म्हणत मुलानं गाडी सुरू केली.

बाराला पाच कमी असताना पोचलो. मालकांना मशीनवर घेतलं. मुलगा काही वर येईना, उन्हात गाडीतच बसून राहिला. मी पाण्याची बाटली घेऊन खाली गेले.

"वर ये. बापापाशी बस."

"आन् गाडीपाशी कोण बसंल?"

"तो शहागडाहून इतक्या लांब चोरायला येतोय व्हय?"

"इथं न्हाई आला तर घरी येईल. आपलं गाव त्याला ठावं हाय."

ज्याला आपण पैसे दिले तोच चोर कसा, ते कळेना. पण मग मीही येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांकडं बघू लागले.

येताना मालक मागच्या सीटवर पाय दुमडून आडवे झाले. मशीनवरून आडवं होऊन येणं त्यांना कधी मिळालं नव्हतं. अंबड यायच्या आधीच त्यांना झोप लागली.

घरी आल्यावर ते उतरेनात. "पडू द्या जरा," म्हणाले. मुलाला गाडीला कुलूप लावून मोटारसायकलवर चावी आणायला शहागडला जायचं होतं. आत बाप असताना कुलूप लावता येईना, आणि उघडी टाकून जावंसं वाटेना. तो दाराला टेकून उभा राहिला. मी भाकरी केली. ताट घरात वाढायचं की गाडीत न्यायचं, हे दोघांना विचारलं. मालकांनी कूस बदलली, मुलगा दाराला टेकून रस्त्याकडंच बघत होता. मी ताट घेऊन अंगणात उभी राहिले.