लग्नपत्रिकेवरचा चंदेरी रंग

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरायचं ठरवलं तरी घरचे विसरू देणार नाहीत. तीस वर्षं पोलीस खात्यात काढली; पण आमच्या नात्यात कोणाच्या गाडीला ओरखडा आला की बायको आधी बजावते, "यायले दाखवू नका. हे रंगाऱ्याचा पत्ता देतील." सगळे हसतात. मीही हसतो. मग विषय बदलतो.

तेव्हा मी साकोलीच्या बाजूला महामार्गावरच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. कुटुंब भंडाऱ्यात, मी आठवड्यातून एकदा घरी. एका रविवारी सकाळी सुटी संपवून ठाण्यात हजर झालो, तर स्टेशन डायरीत आदल्या दिवसाची नोंद होती. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर, शाळेत पोषण आहार शिजवणारी एक बाई सायकलवरून गावाकडे निघाली होती. मागून आलेल्या गाडीनं तिला उडवलं. सायकल रस्त्यावर आणि बाई बाजूच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात. गाडी थांबली नाही. बाई तिथे दोन तास पडून होती. एक म्हशीवाला त्या बाजूनं आला म्हणून ती सापडली. नागपूरला हलवलं, पण शुद्ध नव्हती. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

साक्षीदार नव्हता. सायकलच्या हँडलला घासून लागलेला चंदेरी रंग, एवढाच पुरावा. पंचनामा झाला, रंगाचा नमुना प्रयोगशाळेत गेला. तिकडचा अहवाल कधी येईल हे सांगायला ज्योतिषी लागतो, म्हणून आम्ही आमच्या पद्धतीनं गाड्या शोधू लागलो.

आता माझी अक्कल पाहा. त्याच शनिवारी संध्याकाळी मी भंडाऱ्याच्या घरी असताना माझे साडभाऊ आले होते. म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. गावात किराणा दुकान, गळ्यात माळ, कोणाशी आवाज चढवून बोलणं नाही. त्यांच्या मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं आणि ते गावोगाव पत्रिका वाटत फिरत होते. पत्रिकेला हळद-कुंकू लावून, अक्षता देऊन त्यांनी आम्हाला रीतसर निमंत्रण दिलं. दोन वेळा चिवडा मागून घेतला. निघताना मी पोचवायला बाहेर आलो, तर गाडीचं पुढचं डावं मडगार्ड चेपलेलं.

"हे काय केलं?"

"अड्याळच्या रोडवर रानडुक्कर आडवं आलं न, भाऊ. वाचलो म्हनाचं."

आमच्या जिल्ह्यात गाडी चेपली की डुकराचं नाव लागतं आणि ऐकणारा मान डोलावतो. मीही डोलावली. त्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला सल्ला द्यायची हौस. म्हणालो, "लग्नाच्या गाडीले असा डाग बरा नाही दिसत. आपला एक मिस्त्री आहे, त्याच्याकडे टाका. नुसत्या मडगार्डले रंग मारला तं ते वेगळं उठून दिसते. तो शेजारच्या दरवाज्यावर हलका हात फिरवतो, मंग जोड दिसतच नाही." आणि त्यांच्यासमोरच मिस्त्रीला फोन लावला. "आपला माणूस आहे. शेड बराबर जुळव."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात ती नोंद वाचताना मला हे आठवलंसुद्धा नाही. आपल्या घरी चिवडा खाऊन गेलेला माणूस संशयितांच्या यादीत बसतच नाही.

आठव्या दिवशी खबर आली, तीही तुमसरहून. तिथल्या एका राइस मिलच्या मालकाची चंदेरी गाडी होती. पुढचं डावं मडगार्ड नवं रंगवलेलं आणि तेवढंच चकाकत होतं. ड्रायव्हर त्या शनिवारी मिलच्या कामानं साकोलीला येऊन गेला होता. गाडी, रंग, बाजू, दिवस, सगळं बसत होतं. आम्ही ड्रायव्हरला गाडीसकट ठाण्यात आणलं.

पस्तिशीचा माणूस. समोर बसवलं तेव्हा तो घामाघूम होता, शर्ट पाठीला चिकटला होता. घाबरलेला माणूस खोटा आणि शांत माणूस खरा, हे माझं तेव्हाचं शास्त्र. मी मनात गुन्हा उघडकीला आणून मोकळा झालो होतो.

"साहेब, मी मिलच्या गेटले ठोकली गाडी."

आमचे जुने हवालदार म्हणाले, "गेट चालत आलं का रे तुह्या अंगावर?"

"मागं ट्रक होता जी. घाईत वळवली अन् लागली. मालकाले सांगतलं असतं तं नौकरी गेली असती. म्हून स्वतःच्या पैशानं रंगवली."

"मालकाले नाही सांगतलं, मंग आमाले काहून सांगून राहिला?"

"तुमी इचारून राहिले न जी."

हवालदारांना हसू आलं, मला राग आला. चार तास तेच प्रश्न उलटसुलट विचारले, तो तेच उत्तर देत राहिला. त्याची बायको सकाळपासून डबा घेऊन बाहेरच्या बाकावर बसली होती. मी बाहेर आलो की ती उठून उभी राही, मी आत गेलो की बसे. संध्याकाळी अटक दाखवायची, असं मी ठरवून टाकलं. तिकडे बाई बेशुद्ध, इकडे वरिष्ठांचे फोन. मला आरोपी हवा होता, आणि तो समोर बसलेला होता.

फक्त कागद पक्का व्हावा म्हणून जाणकाराचा एक जबाब घ्यायचं मनात आलं. जाणकार कोण? माझाच मिस्त्री. सायकल जीपमध्ये टाकली, दोन पंच सोबत घेतले, मिलवाल्याची गाडी मागे, आणि भर दुपारी भंडाऱ्याला त्याच्या शेडवर पोचलो.

मिस्त्री म्हातारा, बोलणं कमी. त्यानं सायकल आधी उन्हात नेली. "ट्यूबलाइटखाली रंग पाहतो तो फसतो, साहेब." हँडल सरळ पाहिलं, मग मान वाकडी करून तिरपं पाहिलं. मिलवाल्याच्या गाडीचं जुनं बॉनेट पाहिलं, नवं मडगार्ड पाहिलं आणि सरळ मान हलवली.

"हा तो चंदेरी नाही."

"चंदेरी म्हणजे चंदेरी. त्याच्यात काय?"

"घरचं मीठ अन् घरची साखर, दोन्ही पांढरेच असते न? मिलवाल्याच्या रंगातला चमकीचा दाणा जाड आहे, तिरपं पाहिलं तं पिवळा मारते. सायकलवरचा दाणा बारीक आहे, तो निळा मारते. दोन्हीची कंपनीच वेगळी." मग त्यानं हँडल पुन्हा पाहिलं. "हा रंग मी आता हप्त्याभराखाली बनवला."

शेडमध्ये एका तारेवर चिमट्यांनी अडकवलेले पन्नासेक पुठ्ठे होते. एकच भाग रंगवायचा तर डब्यावरचा नंबर पाहून भागत नाही; ऊन खाऊन गाडीचा रंग बदललेला असतो. म्हणून मिस्त्री थेंब थेंब मिसळून आधी पुठ्ठ्यावर फवारतो, सुकू देतो, गाडीला लावून पाहतो, जुळलं तरच मडगार्डला हात लावतो. पुठ्ठा तो गिऱ्हाइकाकडूनच मागतो. गाडीत पडलेली लग्नपत्रिका त्याला सगळ्यात आवडते, कागद गुळगुळीत असतो. आणि फेकत नाही. तीच गाडी पुन्हा आली तर रंग तयार.

त्यानं एक पुठ्ठा काढून हँडलजवळ धरला. सरळ सारखा, तिरपाही सारखा. निळसर.

"कोनाची गाडी?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमीच तं फोन केला होता, साहेब."

मी पुठ्ठा उलटा केला. पाठीमागे गणपती, खाली मुलीचं नाव, आणि सगळ्यात खाली 'आपले नम्र' म्हणून माझ्या साडभाऊंचं नाव. तीच पत्रिका माझ्या घरी देवापुढे ठेवलेली होती. मी तिथल्याच एका टायरवर बसलो. पंच एकमेकांकडे पाहू लागले. मिस्त्रीनं पाणी आणलं. सकाळी त्या ड्रायव्हरला मी पाणी विचारलं नव्हतं.

पुढचं काम नियमाप्रमाणे झालं. पत्रिका पंचांसमक्ष जप्त केली. वरिष्ठांना फोन करून सांगितलं की आरोपी माझा नातेवाईक निघतो आहे, तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्या. ठाण्यात परतून ड्रायव्हरला सोडलं. तो गाडीची किल्ली घेऊन निघाला. त्याची बायको तेवढी म्हणाली, "त्यायनं सकाळीच खरं सांगतलं होतं, साहेब." डबा तसाच बंद होता.

साडभाऊंनी नव्या अधिकाऱ्यासमोर फार वेळ घेतला नाही. गावाचा रस्ता, वेळ, सगळं कबूल केलं. त्यांना घेऊन जाताना व्हरांड्यात आमची गाठ पडली. मी विचारायला नको होतं, पण विचारलं.

"काहून थांबले नाही?"

"पोरीचं लग्न मोडलं असतं, भाऊ."

"मंग काय केलं?"

"त्या दिवशीची आठ घरं उरली होती पत्रिकेची. तिथं वाटल्या." ते शांतच होते, चिवडा खाताना होते तसे. "तुमची मुद्दाम शेवटी ठेवली. ठाणेदाराच्या दारात उभ्या गाडीवर कोन शक घेईल?"

म्हणजे ती बाई बांधीत पडलेली असताना हा माणूस सात घरी हळद-कुंकू लावून हात जोडत होता. आणि आठवं घर माझं. दुसऱ्याच्या क्रौर्याचं मला तोवर कधी नवल वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. नुसतं मडगार्ड रंगवलं की उठून दिसतं, म्हणून शेजारच्या दरवाज्यावरही हात फिरवायचा, हे मीच त्यांना शिकवलं होतं. तो शेजारचा दरवाजा मी होतो.

लग्न झालं. बायको लग्नाला गेली, "पोरीची काय चूक?" म्हणाली. मी गेलो नाही. बाईला पुढे शुद्ध आली. कुबडी घेऊन ती पुन्हा शाळेच्या चुलीजवळ बसू लागली.

या गुन्ह्यानंतर मी घामावरून माणूस ओळखायचं सोडलं. समोरचा घाबरला असेल तर आधी पाणी देतो आणि त्याचं सांगणं तपासतो. समोरचा फार शांत असेल तर त्याचंही तपासतो, मग तो देवापुढची पत्रिका देऊन गेलेला का असेना.

कोर्टात साक्षीला उभा राहिलो तेव्हा बाई पहिल्या बाकावर बसली होती, कुबडी भिंतीला टेकवलेली. पलीकडे मेहुणी, डोळ्याला पदर लावून. बचावाच्या वकिलांनी विचारलं, "आरोपीला या मिस्त्रीकडे कोणी पाठवलं?"

मी उत्तर दिलं. ते मलाच ऐकू आलं नाही.

न्यायाधीश म्हणाले, "साक्षीदार, मोठ्यानं सांगा."

मी बाईकडे पाहिलं आणि मोठ्यानं सांगितलं, "मी."