पूर्वेकडचं घर

आधीच सांगते, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी बाई. दृष्ट काढ म्हणणाऱ्या शेजारणीलाही उडवून लावायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण लिहिते.

नव्वदच्या दशकाची अखेर. आम्ही दुबईत, ऊद मेथाला राहायचो. सुहासनं, म्हणजे नवऱ्यानं, जाहीर केलं होतं, "गल्फ खलास. मार्चनंतर पुणं." सगळे खूश, मी सोडून. आमची पहिली मुलगी इथंच गेली होती, जन्मल्या दिवशीच. तान्ह्या बाळाला आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. तिला इथं वाळूत एकटीला टाकून मी कशी जाणार? पण बोलायची सोय नव्हती. विषय निघाला की सुहास उठून जायचा. तिच्यानंतर झालेल्या सईला तर आम्ही काही सांगितलंच नव्हतं.

तर सईचं शाळेचं प्रोजेक्ट — प्राचीन माया शहर. पुठ्ठ्याची चार घरं, मधे अंगण. एका अंगणाभोवती एकच गोतावळा राहायचा आणि आपली माणसं घराच्या जमिनीखालीच पुरायचा, असं उत्खननात दिसलंय म्हणे.

"ईस्टचं घर फर्स्ट वनचं," सई म्हणाली. "फॅमिली त्याच्यापासून स्टार्ट होते." तिनं ते घर उचललं. खाली मातीचं तान्हं बाळ.

"अगं, इथं म्हातारा पूर्वज हवा ना?"

"बट शी वॉज फर्स्ट."

मी वाकून पाहिलं. बाळाच्या एकाच मनगटाला काळा दोरा... माझ्या आईनं बाळंतपणाआधी काळ्या मण्यांच्या मनगट्यांची जोडी पाठवली होती. एक मी बाळाच्या हातात घालून दिली. दुसरी माझ्या पर्सच्या अस्तरात शिवून ठेवली होती. सुहासलाही ठाऊक नव्हतं.

"एकाच हातात का गं?"

सईनं मान वर न करता सांगितलं, "द अदर वन इज विथ यू."

"कुणी सांगितलं तुला?" मी खेकसले, तर ती बावरून घर परत जागेवर ठेवायला लागली.

त्या आठवड्यात सुहासला सगळं सांगितलं. तो उठून गेला नाही. बराच वेळ रडला, मग म्हणाला, "चल." सई शाळेत होती. दफनभूमीत त्यानं हातानं वाळू उकरली, मी मनगटी ठेवली. घरी आलो. कुलूप आमचंच, किल्ली त्याच्याच खिशात. कपाटावरचं मॉडेल काढून मी पूर्वेकडचं घर उचललं.

बाळाच्या दोन्ही मनगटांना काळा दोरा होता.

सई आता कॉलेजात आहे. तिला पुठ्ठा आठवतो, बाळ आठवत नाही. आपणच आधी नीट पाहिलं नसेल, असं मी स्वतःला किती वेळा समजावलं... पटत नाही. रिपोर्टवर आम्ही लिहितो तसं — कारण निश्चित करता आलं नाही.

तेव्हा पुण्यात आल्यावर सामान लावताना मॉडेल कुठं ठेवू म्हणून मी घुटमळत होते. सुहास पंखा पुसत होता. वळूनही न बघता म्हणाला, "थोरलीला पूर्वेला ठेव."