उपमेला भुलून घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर

जळालेल्या तारेवरच्या वार्निशचा वास मला आजही लांबून ओळखू येतो. गोडसर, घशाला चरचरणारा, लाख वितळावी तसा. लातूरच्या आमच्या भाड्याच्या घरात तो पहिल्यांदा पसरला, तेव्हा त्याला कारण झाली माझी काव्यदृष्टी.

जिल्हा नवा होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग ओला आणि घरोघरचे नळ कोरडे. त्या उन्हाळ्यात नांदेडहून बाबा आले ते आपला रेकॉर्ड प्लेअर आणि तबकड्या घेऊनच. "तुझ्याकडंच राहू दे. मला आता कुठं ऐकू येतंय?" एवढे बोलून ते खिडकीशी जाऊन बसले. कान मंद झाल्यापासून त्यांनी बोलणेही सोडत आणले होते. आम्ही ओरडायचो, ते हसून मान डोलवायचे. गाणेही सुटले तर हा माणूस पुरता मिटून जाईल, या धास्तीने मी ठरवले, त्यांना ते पुन्हा ऐकवायचेच.

स्पीकरच्या दोन थोरल्या पेट्या घरात होत्या. बदली झालेल्या शेजाऱ्यांनी मागे ठेवलेल्या. हवा होता अ‍ॅम्प्लिफायर. दुकानदाराने दोन पुढे मांडले. एक काखेत मावेल असा, दुसरा दोन्ही हातांनी उचलावा असा.

"पेट्या मोठ्या हायत, ताई. जोर लागतो त्यांना. मोठा न्या अन् बेतानं वाजवा."

तेवढ्यात सोबत आलेले थोरले दीर पुढे सरसावले. त्यांची मोटर नुकतीच कोरड्या विहिरीत जळाली होती, आणि जगातल्या प्रत्येक यंत्राकडे ते त्याच दुःखातून पाहत.

"पेट्या म्हंजी विहीर अन् ह्यो डबा म्हंजी मोटर. विहिरीत पाणी न्हाई अन् लई जोराची मोटर बसवली तर काय व्हतंय, बाई? समदंच जातंय. ल्हानच घे."

मी कवितेवर पोसलेली बाई. अंधाऱ्या तळाशी साचलेले सूर, त्यांना अलगद वर ओढणारे इवलेसे यंत्र! दुकानातच माझे डोळे मिटले. उपमा इतकी देखणी होती, की ती चुकीची असेल अशी शंका घेणे मला अरसिकपणाचे वाटले. मी लहान अ‍ॅम्प्लिफायर घेतला.

घरी बाबांना दोन पेट्यांसमोर बसवले. तबकडी फिरू लागली. त्यांनी मान डोलवली, म्हणजे काहीच ऐकू आले नव्हते. मी बटण फिरवत गेले, पार शेवटापर्यंत. यंत्र धापा टाकू लागले. गवयाचा स्वर पत्र्यावर खडी ओतावी तसा फुटू लागला, आणि मी 'काय ही आर्तता!' असे मनाशी म्हणत उभी. मग तो वास आला. एक पेटी मुकी झाली. बाबा निमूटपणे खिडकीशी परतले.

"डब्याचा दम संपला, की तो फाटका आवाज ढकलतो. त्यानंच पेटी जळती," दुकानात नेलेली पेटी उघडून पाहत दुकानदार म्हणाला. "सांगितलं व्हतं मी."

"म्हंजी विहीर मोटरीला भारी पडली," दीर गंभीरपणे म्हणाले. उपमा सोडायला तेही तयार नव्हते.

पेटी दुरुस्त झाली. मोठा अ‍ॅम्प्लिफायर घरात आला. "अगं, या वेळी कुणाचं काव्य ऐकून आणलास?" यजमानांनी विचारले.

बाबांना या खेपेस बळेच आणून बसवावे लागले. बटण निम्म्यावरही नव्हते. पण स्वर फुटला नाही, तो खोलीत चढत गेला, घागरीत पाणी चढावे तसा. (पाण्याविना दुसरे काही सुचण्याचे ते दिवस नव्हते.) फळीवरची भांडी बारीक झिणझिणली. बाबांनी डोळे मिटले. त्यांचा तळवा खुर्चीच्या हातावर समेची वाट पाहत थांबला आणि नेमका समेवर पडला.

मला राहवेना. हा स्वर कसा मावळतीच्या उन्हासारखा हळूहळू सोनेरी होत जातो, ते मी त्यांच्या कानाशी वाकून मोठमोठ्याने समजावू लागले. बाबांनी डोळे उघडले नाहीत. फक्त कपाळाला आठी घातली आणि म्हणाले,

"गप."