समद्यांच्या म्होरं

टोमॅटोची तयार रोपं विकत घ्यायची पद्धत आमच्याकडे वाढली, तेव्हा आम्ही ओतूरजवळ नर्सरी टाकली. कामाला आठ बायका. त्यांतल्या सगळ्यांत जुन्या बाई एका मेंढपाळाच्या घरातल्या. त्यांना सगळे मावशी म्हणत. फवारणी त्यांच्याकडे. आमचं घर ख्रिस्ती. काम सुरू होण्याआधी मी शेडमध्ये छोटी प्रार्थना करायचे. आपण माणसांशी प्रेमानं वागतो, असं मला मनापासून वाटायचं.

एका सकाळी रोपांची पानं आखडलेली दिसली. पंपात तणनाशक राहिलं होतं, हे उघड होतं. मी सगळ्यांसमोर मावशींवर ओरडले, "पंप धुवायलासुद्धा जमत नाही? उद्यापासून येऊ नका!"

"ताई, ह्या पंपात मी तणाचं औषध कधी भरलंच नाय."

मी ऐकूनच घेतलं नाही. डबा उचलून त्या निघून गेल्या.

रविवारी उपासनेत क्षमेची प्रार्थना चालू असताना शेजारी बसलेला नवरा अस्वस्थ झाला. बाहेर आल्यावर म्हणाला, "बांधावरचं गवत मारायला तो पंप मीच नेला होता. तू इतकी चिडलीस, की सांगायचा धीरच झाला नाही."

मला स्वतःचीच लाज वाटली. तशीच, चर्चच्या साडीत, मावशींच्या घरी गेले. त्या कोकराला बाटलीनं दूध पाजत होत्या.

"मावशी, चूक आमची होती. मला माफ करा."

त्यांनी मान वर केली. "हितं नगं, ताई. तुमी समद्यांच्या म्होरं बोलल्या व्हत्या, समद्यांच्या म्होरंच सांगा."

रात्रभर ते जड गेलं. सकाळी मावशी कामावर आल्या. प्रार्थना झाल्यावर आठही जणींसमोर मी माफी मागितली. नवऱ्यानंही आपली चूक सांगितली. मग मावशी म्हणाल्या, "झालं गेलं. आता तणाच्या औषधाला दुसरा पंप आणा." आणि रोपांचे ट्रे भरायला बसल्या.

राग मला नंतरही यायचा. पण आधी विचारायची आणि बोलायचंच झालं तर बाजूला घेऊन बोलायची सवय लागली. पुढं माझं ऑपरेशन झालं, तेव्हा महिनाभर नर्सरी मावशींनीच सांभाळली.

देवाकडे मी नेहमी चांगली माणसं मागत आले होते. मला चांगली मालकीण कर, असं मागायचं कधी सुचलंच नव्हतं. ते त्यानं न मागता मावशींच्या हातून दिलं. त्याबद्दल आजही मी मावशींचं नाव घेऊन देवाचे आभार मानते.