तीन नवस आणि एकच ऐकणारा

माझ्या धाकट्या बहिणीसाठी आईने तीन नवस बोलले होते. पहिला विरारच्या डोंगरावरच्या देवीला, दुसरा शेजारच्या गावातल्या मरियामाऊलीला आणि तिसरा बाजाराच्या वाटेवरच्या एका पिराला. आमच्या गावात, गिरीजला, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आमच्या वाडीच्या कुंपणापलीकडे ख्रिस्ती घर, त्यांच्या वाडीपलीकडे पुन्हा आमच्यापैकी कुणाचं तरी. पोर आजारी पडलं की आई दिसेल त्या उंबऱ्यावर पदर पसरायची. आमच्याकडच्या सगळ्याच आया पसरायच्या.

बहीण तेव्हा दहावीत होती. रक्ताचा आजार निघाला. मुंबईच्या इस्पितळात नेणं-आणणं सुरू झालं, तिचे केस गेले, पुस्तकं मात्र उशाशी तशीच राहिली. बाबा वाडीला पाणी लावायचे आणि केळीच्या आड जाऊन रडायचे. आम्हाला कळत नाही असं त्यांना वाटायचं.

पोरगी बरी झाली की देवीला साडीचोळी आणि तिला घेऊन अनवाणी डोंगर चढणं. पिराला चादर. आणि माऊलीला पोरीच्या उंचीची मेणबत्ती, कारण तिकडे तशीच रीत होती. माप घ्यायला आईने केळीच्या वाळक्या सोपटाची दोरी आणली, जिने आम्ही भाजीच्या जुड्या बांधायचो. बहिणीला उभं राहवत नव्हतं, पण निजल्या-निजल्या माप घ्यायला आई काही केल्या तयार होईना. निजलेल्याचं माप घेऊ नये म्हणे. मग मी तिला दाराच्या चौकटीशी काखेत धरून उभी केली. ती हसून म्हणाली, "आई, थोडी जास्तच घे गं दोरी. बरी होईपर्यंत वाढले तर?" आईने खरंच वीतभर जास्त घेतली.

गणपती गेले आणि पाठोपाठ ती गेली.

तेराव्याला आमची आत्या आली. आत्याच्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं. ओटीवर बायका बसलेल्या, त्यांच्यादेखत ती आईला म्हणाली, "एक ना धड, भाराभर चिंध्या! तीन-तीन ठिकाणी पदर पसरलास वहिनी. एकालाच घट्ट धरून बसली असतीस तर पोरगी राहिली असती. देवांनाही मानपान असतो." मी फटकळ, तेव्हाही होते आणि आताही आहे. आत्याला तिथल्या तिथे म्हटलं, "जेवून घे आणि घरी जा." बाबांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण बाण सुटला होता. 

त्या दिवसापासून आईने आत्याचं ते बोलणं धरलं. अन्न टाकलं. वाडीत जाईना, बाजाराला जाईना. देवाजवळ दिवा लावायला गेली की हात जोडायच्या ऐवजी स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायची. मी हात धरले की म्हणायची, "तूच सांग. डोंगरावरचीला वाटलं असेल, ही बाई माऊलीकडे गेलीय, माऊली बघेल. माऊलीला वाटलं असेल, ही मूळची डोंगरावरचीची, ती बघेल. पीर म्हणाला असेल, दोघी आहेत की! आणि माझी पोरगी मधल्यामध्ये गेली. मी घालवली तिला." मी ओरडले, समजावलं, पुन्हा ओरडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तिची हाडं दिसायला लागली. एक पोर गेलीच होती, आता आईपण जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

शेवटी मी कुंपण ओलांडून मास्तरकाकांकडे गेले. हे आमचे ख्रिस्ती शेजारी. तरुणपणी फादर व्हायला गेले होते, तिकडे काही वर्षं तत्त्वज्ञान शिकले, मग परत येऊन लग्न केलं आणि निवृत्त होईपर्यंत माणिकपूरला शाळेत गणित शिकवलं. माऊलीच्या देवळात आईला तेच घेऊन गेले होते. आमच्याकडे चर्चलाही देऊळच म्हणतात. ते पपईला टेकू लावत होते.

"काका," मी म्हटलं, "देव एकच आहे हे सिद्ध करता येतं का हो? नुसतं 'सगळे देव सारखेच' असलं नको, ते आईला कुणीही सांगतं आणि ती ऐकत नाही. पक्कं पाहिजे. भूमितीसारखं."

त्यांनी टेकू खाली ठेवला. "येतं," म्हणाले. मग म्हणाले, "शिकलो होतो तसं येतं. पण भूमितीने कुणाचं रडणं थांबलेलं मी पाहिलं नाही."

"रडू दे की तिला," मी म्हटलं. "तिने स्वतःला मारून घेऊ नये, एवढंच हवंय मला."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या ओटीवर येऊन बसले. आई दाराआड भिंतीला टेकून बसली. ती आमच्या घरच्या बोलीत बोलायची, मी इथे शाळेतल्या भाषेत लिहितेय, म्हणजे तिच्या बोलण्याची धार निम्मी गेली असं समजा. काकांनी समोरच्या केळीकडे बोट दाखवलं. "वहिनी, ही केळ कुठून आली?"

"कुठून येणार? शेजारच्या केळीच्या बुडाला पिल फुटलं, ते काढून लावलं."

"आणि ती?"

"तिच्या आईपासून. हे काय विचारणं झालं मास्तर?"

"असं कितीही मागे गेलात तरी प्रत्येक केळ म्हणणार, मी दुसरीकडून आले. सगळ्याच दुसरीकडून आल्या असतील तर मुळात आणलं कुणी? कुणीतरी असा पाहिजे की नाही, जो कुठूनच आला नाही, जो मुळातच आहे? ज्याला सुरुवात नाही त्याला कुणी सुरू केलं नाही, म्हणून त्याला बंदही कुणी करू शकत नाही. त्याला आपण देव म्हणतो. तो काल होता, आज आहे, उद्या असणार."

आईने केळीकडे पाहिलं. आमच्याकडे घड उतरवला की केळ तोडतात आणि बुडाजवळचं पिल वाढवतात, ही जन्मभराची रीत. ती म्हणाली, "आमच्याकडे उलटं झालं. पिल गेलं आणि केळ उभी."  त्या दिवशी तेवढंच झालं आणि मला वाटलं, फुकट गेलं सगळं. पण दुसऱ्या दिवशी आईनेच विचारलं, "मास्तर यायचे आहेत ना?" कितीतरी दिवसांनी तिने कुणाची वाट बघितली होती.

मग विहिरीचा दिवस. विहीर आमची आणि काकांची सामाईक, तिच्यावर एकच मोटर आणि पाळ्या ठरलेल्या. वीज गेली की पाळ्या चुकायच्या आणि बाबांचं नि काकांचं वाजायचं, मग चार दिवस अबोला. काका म्हणाले, "वहिनी, विहिरीला मालक दोन, म्हणून पाळी आली. पाळी आली की प्रत्येकाचा हक्क अर्धा झाला. आता देव दोन आहेत असं धरा, आणि दोघांच्याही हातात सगळंच आहे. एक म्हणाला पाऊस पडू दे, दुसरा म्हणाला नको..."

"पावसाचं कशाला?" आई म्हणाली. "माझी पोरगीच घ्या. एक म्हणाला राहू दे, दुसरा म्हणाला नेतो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हटलं होऊन जाऊ दे. ते हळूच म्हणाले, "बरं. ज्याचं चाललं नाही, तो देव कसला?"

"आणि दोघांचं एकमत असलं तर? नेहमीचंच?"

"मग दोन कशाला पाहिजेत? एकाची इच्छा दुसऱ्याहून कशातच वेगळी नाही, ताकद वेगळी नाही, जागा वेगळी नाही. मग त्यांना दोन म्हणायचं तरी कशावरून?"

आईने डोकं खाजवलं. मग माऊलीचं निघालं. काका म्हणाले, माऊली म्हणजे देव नव्हे, ती आपल्यासाठी त्याच्याकडे शब्द टाकते. आई म्हणाली, "मग आमची देवीपण शब्दच टाकत असेल." यावर काकांना शिकवलेलं उत्तर वेगळं असणार. पण ते म्हणाले, "तुम्ही ज्याच्यापुढे रडलात, तो एकच होता वहिनी."

"डोंगरावर मी जे बोलले ते त्यानेच ऐकलं?"

"त्यानेच."

"तुमच्या देवळात बोलले ते?"

"तेही त्यानेच."

"आणि पिराकडे?"

"ऐकणारा दुसरा कुणी नाहीच."

"म्हणजे माझी वाटणी झाली नाही. मी एकालाच धरलं होतं." आईने पदराने तोंड झाकलं आणि भडभडून रडली. तेराव्यानंतर प्रथमच ती रडली. संध्याकाळी तिने चूल पेटवली, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी केली आणि आमच्याबरोबर बसून जेवली. बाबा ताटावरून उठून कुंपणापाशी गेले आणि त्यांनी काकांना नुसते हात जोडले. मी मनात म्हटलं, सुटलो बाबा एकदाचे. माझ्यासारखी मूर्ख मीच.

सकाळी मी उठले तर आई देवाजवळ बसली होती, पण दिवा लावला नव्हता. मांडीवर ती सोपटाची दोरी. मेणबत्तीचं माप, तिथेच देवाच्या फळीखाली खिळ्याला टांगलेलं होतं, कुणाचीच काढायची छाती झाली नव्हती. मी चहा पुढे ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे ठक्क.

"तीनदा ऐकलं गं त्याने," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"मला वाटत होतं, घोटाळा झाला. कुणालाच नीट कळलं नाही. घोटाळा होतो, माणसांचा होतो, देवांचा झाला असेल. तो नाहीच झाला. एकच आहे तो. डोंगरावर ऐकलं, देवळात ऐकलं, पिराकडे ऐकलं. तीनदा ऐकलं आणि तीनदा नाही म्हणाला."

 मी धावत जाऊन काकांना घेऊन आले, पायात चपला नाहीत की काही नाही. मूर्खपणाच. ज्याने काटा रुतवला त्यालाच काढायला सांगण्यातला प्रकार. आईने त्यांना बसा म्हटलं, चहा दिला, अगदी रीतसर. मग म्हणाली, "मास्तर, तुमचं गणित बरोबर आहे. मी सगळीकडून बघितलं, कुठे चूक नाही. पूर्वी एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे जाता यायचं. तुम्ही ते दार लावलंत. आणि तो मरणारही नाही म्हणता, म्हणजे त्याच्यानंतर दुसरा कुणी येईल अशीही आशा नाही."

काकांचा कप तसाच राहिला. ते म्हणाले, "वहिनी, मी सांगितलं ते नुसतं डोक्याचं होतं. आमच्या धर्मात त्याच्यापुढचं आहे. त्यानेही आपला मुलगा डोळ्यांदेखत..."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "तुमच्या शेजारी जन्म गेला माझा. पण त्याचा तिसऱ्या दिवशी उठला ना?"

काका उठले. ओटीच्या पायऱ्या उतरले आणि कुंपण ओलांडून आपल्या वाडीत गेले. त्यानंतर ते देवाविषयी आमच्या घरात कधी बोलले नाहीत. पुढे विहिरीच्या पाळीवरूनही त्यांनी भांडण काढलं नाही, बाबांची पाळी लांबली तरी गप्प बसायचे. मला ते जास्त लागायचं.

आई पुन्हा जेवू लागली, वाडीत जाऊ लागली, बाजारात दोन बायकांशी हुज्जत घालू लागली. बघणाऱ्याला वाटावं, सावरली. स्वतःला मारून घेणं गेलं ते गेलंच, तेवढं मी मागितलं होतं आणि तेवढं मला मिळालं. दिवा मात्र बाबा लावायचे. आई तेव्हा पाठ फिरवून भाजी निवडत बसायची, आणि नवस तर तिने कुणासाठी म्हणून कधी बोलला नाही. मला आजही कधी कधी वाटतं, तिचा तो घोटाळाच राहू द्यायला हवा होता. पण त्या घोटाळ्याने ती मेली असती. मग काय करायचं होतं मी? कुणी सांगेल का? मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

पुढे माझं लग्न झालं, बोळिंजला फ्लॅट घेतला. काका गेले, त्यांच्या मुलांनी वाडी विकली, विहीर बुजली. माझी मुलगी चार वर्षांची असताना तिला ताप भरला, उतरेच ना, आणि इस्पितळात तिच्या रक्ताची तपासणी करायला नेली. ती बरी झाली, साधा ताप निघाला, ते आधीच सांगते, उगाच टांगून ठेवत नाही. पण त्या दुपारी मला ते माहीत नव्हतं. 'रक्त' एवढा एकच शब्द माझ्या कानात होता. आई गिरीजहून आली होती आणि पोरीच्या पायाशी खाटेवर बसली होती.

मी म्हटलं, "आई, बोल ना गं काहीतरी देवाला."

ती पोरीचं पांघरूण सारखं करत राहिली. मग मीच हात जोडले. मला कुणाचं नाव घ्यावं सुचेना, डोंगरावरची, माऊली, पीर, सगळं एकदम तोंडात आलं, आणि मी रडत रडत म्हणाले, "देवा, माझ्या पोरीला..."

आई ताडकन उठली. तिने तळहाताने माझं तोंड दाबलं. भाजीच्या जुड्या बांधून बांधून खरखरीत झालेला हात.

"गप," ती माझ्या कानाशी कुजबुजली. "नाव नको घेऊ पोरीचं. एकच आहे तो, ऐकू जाईल त्याला."