भिंगरी दीदीचा खो

भिंगरी दीदीला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. सरावात ती "खो!" ओरडली की शाळेच्या भिंतीपलीकडचा पाणीपुरीवाला मान वर करून बघायचा. ती आमच्या खो-खो संघाची कप्तान. खांब धरून अशी गरकन वळायची की सगळ्या तिला भिंगरीच म्हणत. खरं नाव फक्त हजेरीत उरलं होतं.

नववीत असताना बाबांची बदली झाली आणि आम्ही खापरखेड्याची कॉलनी सोडून हुडकेश्वरला आलो. नव्या शाळेत सगळ्यांच्या जोड्या आधीच जमलेल्या. मी संघात गेले ती खेळासाठी कमी, मैत्रिणींसाठी जास्त.

"धावता येते?" दीदीनं पहिल्या दिवशी विचारलं.

"हो."

"अन् पडता? मातीले भ्याली त गडी सुटला समज."

पडायला मी भीत नव्हते. माझी अडचण वेगळीच होती. खो-खोत पाठीमागून खो मिळेपर्यंत उठायचं नसतं. मला मात्र दम निघायचा नाही. मागे पावलं वाजली की मी उठायचे आणि फाऊल व्हायचा.

"हिले काढ वं दीदी," एकदा संघातली रेवती चिडून म्हणाली. "हिच्यापायी हारू आपण."

दीदीनं खेळ थांबवला आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. "काहून उठून राहिली वं आधीच?"

मी मातीत बोट फिरवत राहिले. शेवटी म्हटलं, "वाटतं, माझ्यापर्यंत खो येणारच नाही."

बाकीच्या हसल्या. ती हसली नाही. "येते. उशीर होईन, पण येते. मी आहो ना."

त्या दिवसापासून सराव संपला की ती मला डोळे मिटून बसवायची आणि मागून धावत राहायची. कधी लगेच खो द्यायची, कधी पायाला मुंग्या येईपर्यंत नाही. पण पाठीवर हात पडायचाच.

आंतरशालेय सामन्यात शेवटचं मिनिट उरलं होतं. दीदीचा श्वास अगदी कानामागे ऐकू आला. मी उठले नाही. ती पुढे निघून गेली, तरी उठले नाही. दोन मुलींमधून फिरून खो परत तिच्याकडे आला आणि मग माझ्या पाठीवर थाप पडली. मी झेपावले. समोरच्या मुलीची टाच बोटांना लागली!

सामना आम्ही तरीही एका गुणानं हरलो. माझं कोपर सोलवटलं होतं. त्यावर रुमाल बांधला तो रेवतीनं. परतताना ऑटोत तीच खेकसली, "सरक ना वं, किती जागा घेतं!" इतक्या हक्कानं त्या शाळेत मला कुणी पहिल्यांदाच रागावलं होतं. मी हसू दाबत सरकले.

दहावीनंतर दीदी गोंदियाला गेली. आता तिथल्याच एका शाळेत ती खेळ शिकवते. मी इकडेच, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते. परवा तिचा फोन आला. आवाज तोच, मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"एक नवीन पोरगी आली संघात. कोणाशीच बोलत नाही. रविवारी येतं का? तुले समजन तिचं."

रविवारी सकाळच्या गाडीत बसले तेव्हा त्या मुलीचं नाव विचारायचंच राहिलं, हे लक्षात आलं.