आखूड होत गेलेली घोंगडी

दादा गेल्याचं कळलं तेव्हा मी यवतच्या आमच्या शाळेत खिचडीचे तांदूळ नीट निवडले नाहीत म्हणून कुणाला तरी बोलत होते. शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी मोबाइल आणून हातात दिला. पलीकडून शिरूरहून माझी भावजय कमलवहिनी बोलत होत्या. "वन्सं, ह्यांनी आज चहा न्हाई घेतला," एवढंच म्हणाल्या. गुरुवार होता, दादाच्या कंपनीची सुट्टी. सकाळी त्यानं नेहमीसारखी गाडीशेजारी घोंगडी अंथरली, वहिनी चहा घेऊन गेल्या तोवर तो तिच्यावर आडवा झालेला होता. झोप लागली असेल असं त्यांना वाटलं. चौफुल्याला एसटी बदलून मी न्हावऱ्यामार्गे शिरूर गाठलं, आणि सबंध रस्ताभर मला एकच गोष्ट आठवत राहिली. याच रस्त्यानं दादा मला दिवाळीला न्यायला यायचा. त्यासाठी त्यानं मला दहा वर्षं थांबवलं होतं. तेव्हा तरी मी असंच म्हणायचे.

गाडी आमच्या वडिलांची, अण्णांची. आमचं घराणं मेंढरांमागं हिंडणारं. अण्णांनी घोडनदीच्या काठी घर बांधलं, मेंढरं कमी केली आणि कुणाकडून तरी एक जुनी पिकअप घेतली. पुढं गोल दिवे, मागं उघडा हौदा, रंग कधीकाळी हिरवा असावा. बाजाराला मेंढरं न्यायची, येताना लोकांची पेंड आणायची, असा त्यांचा धंदा. गाडी वाटेत कुठंही बंद पडायची आणि अण्णा तिथं मिळेल तो बोल्ट ठोकून बसवायचे. बसला नाही तर भोकालाच नवे आटे पाडून आणायचे. त्यामुळं त्या गाडीतला एक बोल्ट दुसऱ्याच्या जागी बसत नसे. अण्णा गेले आणि गाडी अंगणात तशीच उभी राहिली. हौद्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. येणारेजाणारे दादाला म्हणायचे, "सोपानराव, खुराडं झ्याक हाय!" दादा हसायचा. तो शिक्रापूरच्या एका कारखान्यात फिटर होता, त्याला हात फिरवला की लोखंडाचं दुखणं कळायचं.

त्र्याण्णव साली माझं लग्न झालं आणि मी यवतला झेंडूवाल्यांच्या घरात आले. पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते, तेव्हा दादानं मला बाजूला घेतलं. "नंदे, दिवाळीला एसटीनं यायचं न्हाई. मुराळी म्हनून मी येतो, अण्णांच्या गाडीतनं. त्यांची लई विच्छा व्हती." झालं, त्यानं गाडी उकलायला घेतली. अण्णांची काळी घोंगडी जमिनीवर अंथरायची आणि तिच्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकायचं. कंपनीत चाकांची फळी असते म्हणे त्यासाठी, पण दादाला घोंगडीच लागायची. काढलेला प्रत्येक बोल्ट तो लोकरीच्या दोऱ्यानं बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. हा दोरा आईनं कातलेला. आई माझ्या लग्नानंतर वर्षभरात गेली, तिच्या मागं काळ्या, पांढऱ्या आणि करड्या लोकरीचे तीन-चार गुंडे तेवढे राहिले होते. काळा दोरा इंजिनाला, पांढरा गिअरबॉक्सला, करडा बाकी सगळ्याला. आणि कितव्या भोकातला बोल्ट तितक्या गाठी. अण्णा मेंढरांचा हिशेब दोरीला गाठी मारूनच ठेवायचे, तेच याच्या बोटांत उतरलं होतं. पण ही भानगड मला तेव्हा ठाऊक नव्हती. विचारायची सवय मला कधी नव्हती, सांगायची त्याला नव्हती.

लग्नानंतरच्या दुसऱ्या नवरात्रात मी चार दिवस माहेरी गेले होते. रिकामं बसलं की माझे हात शिवशिवतात, आणि घाण दिसली की डोकं फिरतं. खंडेनवमी आलेली. आमच्याकडं त्या दिवशी घरातलं एकूणएक हत्यार घासूनपुसून पूजेला मांडतात. दादा पहिल्या पाळीला गेलेला, वहिनी दसऱ्याची फुलं आणायला बाजारात. मी ती पत्र्याची पेटी अंगणात ओतली. तेलकट, काळेकुट्ट बोल्ट, आणि त्यांना कसल्या चिंध्या दोऱ्या गुंडाळलेल्या... मी विळीवर एकेक दोरा कापला. सगळे बोल्ट रॉकेलमध्ये भिजवून ब्रशनं घासले, फडक्यानं पुसले आणि लहान-मोठे वेगळे करून वहिनींच्या स्टीलच्या डब्यांत लावले. दोऱ्यांचा पुंजका बंबात घातला. लोकर जळल्याचा वास आला, तेव्हाही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

दुपारी दादा आला. मी मोठ्या ऐटीत डबे उघडून दाखवले. तो खाली बसला, एक बोल्ट उचलून बराच वेळ बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, "लई चकाकतंय गं." त्यानं प्रत्येक डब्याला हळदकुंकू वाहिलं आणि हातपाय धुवायला गेला. जेवताना त्यानं वहिनींना सांगून मला पुरणाची जास्तीची पोळी वाढायला लावली. मी खूश. हुशार बहीण मिळाली म्हणून भावानं कौतुक केलं असंच मी समजत होते.

त्यानंतर दर दिवाळीला मी एसटीनंच गेले. चौफुल्याला पिशव्या सांभाळत उभं राहायचं आणि पोचल्या पोचल्या दादाला टोचायचं. "काय मुराळी, यंदाबी घोडं अडलं का?" तो म्हणायचा, "व्हईल की." दर सुट्टीला तो घोंगडीवर बसलेला असायचा, पुढ्यात ते डबे. एक बोल्ट घ्यायचा, एका भोकात फिरवून बघायचा, काढायचा, दुसऱ्या भोकात फिरवायचा. माझ्या मते तो नुसता खेळत बसायचा. एकदा मी म्हटलं, "दादा, ही घोंगडी दरवर्षी आखूड व्हतीया का रे? पाय भुईवर चाललेत तुझे." तो म्हणाला, "मीच लांब व्हतोय." आम्ही दोघंही हसलो. कडेला लोकर उसवलेली दिसत होती. उंदरांनी कुरतडली असेल म्हणून मी वहिनींना दोन शब्द सुनावलेसुद्धा. वहिनींनी ती कड आत दुमडली.

आणि एका वसुबारसेला, अंगणात झेंडू भरायचं काम चाललं होतं, तेव्हा रस्त्यावर हॉर्न वाजला. अण्णांच्या गाडीचा हॉर्न... मी लहान मुलीसारखी धावले. हिरवी गाडी दारात उभी, गोल दिवे चकचकीत, हौद्याच्या फाळक्याला नवी साखळी. रंग दादानं घरीच ब्रशनं दिलेला, जवळून पाहिलं तर ओघळ दिसत होते. सीटमध्ये मेंढीची लोकर भरलेली. माझ्या सासूबाईंनी गाडीला ओवाळलं, आमच्या ह्यांनी पुढं ही भली मोठी झेंडूची माळ बांधली, आणि मी माझ्या दोन पोरींना घेऊन दादाशेजारी बसले. पारगावच्या पुलावर त्यानं गाडी मुद्दाम हळू केली. "अण्णा हितं शीळ घालायचे, आठवतं?" मला आठवत होतं.

न्हावऱ्याला चहाला थांबलो आणि माझी जीभ वळवळली. मी म्हणाले, "गाडी नंबर एक झालीया. पन एवढी वर्षं? एखादा हुशार मिस्त्री असता तर दोन म्हैन्यात उरकलं असतं त्यानं." दादानं बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "व्हय, हुशारी जरा कमीच पडली." मग त्यानं माझ्या धाकटीला उचलून गाडीत बसवलं.

पुढं आसपासच्या लोकांच्या जुन्या गाड्या त्याच्या अंगणात येऊ लागल्या. पारगावच्या एका दूधवाल्याची, दौंडकडच्या एका गुऱ्हाळवाल्याची. पाना हातात घेण्याआधी तो मालकाला समोर बसवायचा. "हिला आजवर कुनी कुनी हात लावला, ते आदी सांगा." लोकांना हा प्रश्न विक्षिप्त वाटायचा. मलाही.

तेराव्यानंतर मी परत शाळेत रुजू झाले. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला. "वन्सं, हत्यारं पुसायची हायती. माझा हात लागंना. तुम्ही येता का?" मी गेले. गाडीचा गिअरबॉक्स उकललेला होता. दिवाळीला मला आणायला यायचं म्हणून दादा दरवर्षी या दिवसांत तो तपासायचा. पत्र्याची पेटी पुढं ओढून मी झाकण उघडलं. आत प्रत्येक बोल्टाला दोरा बांधलेला होता. सगळे दोरे काळे, प्रत्येकावर गाठी, एक, दोन, तीन...

"वहिनी, हे काय?" मी विचारलं. मग त्या बोलल्या. तीन रंगांचं सांगितलं, गाठींचं सांगितलं. "तुम्ही दोरं कापलं, तवा निम्मी गाडी उकललेली व्हती. दीडशेच्या वर बोल्ट. कुठला कुठं बसायचा ते मग एकेक फिरवून बघत बसले. ज्याची जागा घावली त्याला पुन्ना दोरा. आत्यांनी, तुमच्या आईनं, कातलेली लोकर तर उरली नव्हती, म्हनून घोंगडीचा काट उसवून त्यातनंच घ्यायचे. दुसरा दोरा बांधा म्हनलं, तर न्हाईच."

"मला का नाही सांगितलंत?"

"शपत घातली व्हती मला. म्हनायचे, नंदी पूजेसाठी राबलीया, तिला दोस द्यायचा न्हाई. कळलं तर ती पुन्ना पेटीला हात लावायची न्हाई, आन् खंडेनवमीला माहेरीबी यायची न्हाई."

घोंगडी भिंतीवर टाकलेली होती. मी ती खाली काढून अंथरली. अण्णांच्या वेळी ती पुरुषभर लांब होती, आता माझ्या कमरेपर्यंतही येत नव्हती. मी तिच्यावरच बसले आणि खूप रडले. एवढी वर्षं मी त्याला टोचत आले, चहाच्या टपरीवर त्याची अक्कल काढली, आणि तो बशीतला चहा पीत राहिला. दादा, चुकले रे. हे तू असताना म्हणायला हवं होतं. तू म्हणूच दिलं नाहीस, याचा थोडा रागसुद्धा येतो.

दादाच्या कंपनीतले एक जोडीदार दिवाळीपूर्वी येऊन गिअरबॉक्स बसवून देणार आहेत. त्या दिवशी ते घरी आले होते, तेव्हा त्यांनी पेटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, काळजी नको. समदं लिवूनच ठिवलंय की त्यांनी."

वहिनींनी सवयीनं रॉकेलचा डबा आणून ठेवला होता. तो मी परत आत ठेवायला सांगितला. कोरडं फडकं घेतलं आणि पेटीतला एकेक बोल्ट, दोऱ्याला धक्का न लावता, हळूहळू पुसला. तेल बरंचसं तसंच राहिलं. मग हळदकुंकू वाहिलं. एक गाठ सैल झाली होती, ती तेवढी घट्ट केली.